पलीकडचं टोक

१

वायरमनचं काम एकट्याचं नाही, हे त्याच्या बायकोने त्याला लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात पटवून दिलं होतं. तेव्हा तो घरांच्या बाहेरच्या भिंतींवरून केबल टाकायची कामं घ्यायचा. भिंतीत भोक पाडायचं, त्यातून स्प्रिंग, म्हणजे वाकेल पण मोडणार नाही अशी लांबलचक पोलादी तार, आत सरकवायची. मग शिडी उतरायची, घराला वळसा घालून आत जायचं आणि स्प्रिंगचं टोक आलंय का ते बघायचं. नाही आलं, तर परत बाहेर, परत शिडी. डबा द्यायला आलेल्या तिने अर्धा तास हा तमाशा बघितला आणि बाह्या सरसावल्या.

"अहो, तुम्ही बाहेरच थांबा. आत मी उभी राहते. नाहीतर आयुष्य जायचं तुमचं लोकांच्या घराला फेऱ्या मारण्यात."

त्या दिवसापासून एकतीस वर्षं तो भिंतीच्या बाहेर आणि ती भिंतीच्या आत. ड्रिलच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून हिसक्यांची भाषा ठरली. एक हिसका म्हणजे 'मिळालं', नाहीतर 'कळलं'. दोन म्हणजे 'ओढ'. तीन म्हणजे 'सोड, झालं'. आणि नियम एकच, तो तिचा: तीन हिसके मिळाल्याशिवाय हातातलं टोक सोडायचं नाही, मग घराला आग का लागेना.

एकदा हा बाहेर घरमालकाशी गप्पा मारत बसला आणि साफ विसरला. दीड तासाने आत गेला, तर ही बाई स्टुलावर उभी, स्प्रिंगचं टोक मुठीत, हाताला मुंग्या आलेल्या आणि तोंड हे एवढं.

"अगं, सोडायचं ना!"

"तुम्ही तीन दिले नाहीत," ती म्हणाली. पुढे दोन दिवस घरात बोलली नाही ती वेगळीच.

आणखी एक खोड होती तिची. स्प्रिंगचं टोक कुठे अडकू नये म्हणून त्याला काळी टेप गुंडाळतात. ती टेपचा शेवट नेहमी जरासा दुमडून ठेवायची, म्हणजे सोडवताना नखाने खरवडत बसायला नको. हा मात्र गुंडाळायचा आणि अंगठ्याने चपटी दाबून मोकळा व्हायचा. "दुमडायला काय हात झिजतात का तुमचे?" हे वाक्य त्याने इतक्यांदा ऐकलं होतं की पुढेपुढे मुद्दाम दुमडत नसे. बोटातली अंगठी निघत नव्हती म्हणून काम करताना ती अंगठीवरही तीच काळी टेप गुंडाळायची. संध्याकाळी काढायला विसरायची. लोकांना वाटायचं हिच्या बोटाला काहीतरी लागलंय.

तिला जाऊन चौदा महिने झाले होते. तो पुन्हा लोकांच्या घराला फेऱ्या मारत होता.

२

यावेळचं घर मात्र लोकांचं नव्हतं, लेकीचं होतं. जुनं, बैठं, चार खोल्यांचं. लेक आणि जावई भाड्याच्या एका खोलीत राहत होते, आणि ती खोली घरमालकाला रविवारी रिकामी हवी होती. पदरात चार महिन्यांची मुलगी. तिचं खरं नाव फार मोठं होतं, म्हणून आजोबा तिला ठमी म्हणायचा.

"बाबा, आतल्या भिंती फोडू नका हं," लेकीने आधीच बजावलं होतं. "रंग नुकताच झालाय. सगळं बाहेरून घ्या."

"तू मला धंदा शिकव आता," तो म्हणाला.

पण बेत बरोबर होता. मेनपासून केबल बाहेरच्या भिंतीवरून पाइपात न्यायची आणि प्रत्येक खोलीसाठी एकेक भोक पाडून आत घ्यायची. भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं पाडायचं, म्हणजे पावसाचं पाणी केबलीच्या आधाराने आत झिरपत नाही. भिंत दोन पदरी होती, मध्ये चार बोटं पोकळी. सगळी मिळून जाडी फूटभर.

बुधवारी तीन खोल्या उरकल्या. आत-बाहेर करून गुडघे बोलायला लागले, पण उरकल्या. उरली पूर्वेची लहान खोली. तिथे ठमीचा पाळणा यायचा होता.

३

गुरुवारी सकाळी त्याने तिथलं भोक पाडलं, फुंकर मारून धूळ काढली आणि डोळा लावला. पलीकडे खोलीतल्या पिवळ्या रंगाचा रुपयाएवढा गोल तुकडा दिसला. भोक आरपार होतं. त्याने स्प्रिंगच्या टोकाला टेप गुंडाळली, सवयीने अंगठ्याने चपटी दाबली आणि स्प्रिंग आत सरकवली. फूटभर, दीड फूट. आणि तीन खोल्यांत जे जमवून जमवून टाळलं होतं ते चौथीला तोंडातून निघून गेलंच.

"अगं, आली का?"

स्वतःचाच आवाज ऐकून तो ओशाळला. इकडेतिकडे बघितलं. गल्लीत कुणी नव्हतं, समोरच्या गच्चीवर कपडे वाळत होते.

मग हातातल्या स्प्रिंगला एक हिसका बसला.

हलकाच. मासा गळाला तोंड लावतो तसा. तो स्प्रिंग पाइपाच्या क्लिपेत अडकवून खाली उतरला, वळसा घालून घरात गेला. खोली रिकामी. खिडकी आतून बंद. फरशीवर भोकातून पडलेला लालसर भुगा, त्यावर कुणाच्या पावलाचा ठसा नाही. आणि भोकातून स्प्रिंगचं टोक काही बाहेर आलेलं नव्हतं.

'पोकळीत वाकलं,' त्याने स्वतःला सांगितलं. दोन पदरी भिंतीत असं होतं. टोक खाली घसरतं, विटेच्या कडेला अडकतं, पोलाद ताण घेतं आणि सुटतं. झाला हिसका. नाहीतर उंदीर. जुन्या घरात उंदीर नसतील तर काय मोर असतील?

त्याला हसू आलं, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

४

दुपारी त्याने स्प्रिंग पुन्हा सरकवली. दोन फूट गेली, चार गेली, आठ गेली. कुठे अडत नव्हती. पोकळीत उतरत असती तर खरखर लागली असती. ही तेल लावल्यासारखी जात होती. बारा फुटांवर तो थांबला. फूटभर जाडीची भिंत आणि बारा फूट स्प्रिंग. गणित त्याला येत होतं, पण ते करायचं त्याने टाळलं.

एक हिसका आला.

उंदीर एकदाच ओढत नाही. उंदीर कुरतडतो, पळतो, परत येतो. हा हिसका नीट होता. ओढून, क्षणभर धरून, मग सैल केलेला. एकतीस वर्षं त्याच्या तळव्याने तो ओळखला होता.

त्याचे डोळे भरून आले. भीती वाटली नाही असं नाही. पण त्या भीतीहून मोठं काहीतरी वर आलं आणि विचार करायच्या आत त्याच्या हाताने दोन हिसके दिले.

ओढ.

आणि स्प्रिंग ओढली जाऊ लागली. हातभर ओढायची, श्वास घ्यायचा, पुन्हा हातभर. ती अशीच ओढायची. कितीदा सांगितलं होतं, अगं सलग ओढ. "माझे हात माझ्या मर्जीचे," म्हणायची.

"सावकाश," तो भिंतीला म्हणाला. "घाई नाही काही."

उन्हं उतरेपर्यंत तो शिडीवर उभा होता. उतरला तेव्हा वेटोळ्यातली निम्मी स्प्रिंग भिंतीत गेली होती. घरी जाताना त्याने चौदा महिन्यांत पहिल्यांदा शीळ घातली.

५

शुक्रवारी लेक ठमीला कडेवर घेऊन आली.

"झालं का हो बाबा?"

"एकच खोली राहिलीय. भिंत जरा नाठाळ आहे."

"भिंत नाठाळ की तुम्ही?" तिने त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "जेवलात का काल? डोळे बघा कसे झालेत. चला, मी आत उभी राहते. दोघांनी पाच मिनिटांत होईल."

नको म्हणायला काही कारण सापडेना. ती आत गेली. तो शिडीवर चढला.

"आली का?" त्याने ओरडून विचारलं.

"नाही हो, काहीच नाही!"

त्याच्या हातात एक हिसका बसला.

"हात लावलास का तू?"

"कशाला लावू? भोक रिकामं आहे, बाबा!"

लगेच स्प्रिंग आत ओढली गेली. हातभर, श्वास, हातभर. भिंतीच्या आतून लेकीचं बोलणं ऐकू येत होतं. ठमी किरकिरत होती, ती तिला काहीबाही सांगत होती. एकाएकी किरकिर थांबली.

"बाबा, गंमत बघा! ठमी भोकाकडे बघून हसतेय. हात पण पुढे करतेय. थांब गं, काय आहे आत, बघू…"

"हात घालू नकोस!"

तो इतक्या जोरात ओरडला की समोरच्या गच्चीवरची बाई डोकावली. ठमीने भोकाड पसरलं. लेक बाहेर आली ती घाबरून.

"करंट सोडला होता का त्यात?"

"नाही. धार असते कडेला. कापलं असतं."

जाताना लेक एवढंच म्हणाली, "बाबा, नसेल होत तर दुसरा माणूस लावू. तुम्ही त्रास करून घेऊ नका. पण रविवारी आम्हाला यावंच लागणार आहे. पाळणा याच खोलीत लावायचाय."

लेक गेल्यावर तो पायरीवर बसला. पलीकडे बायकोच असेल, तर भ्यायचं काय? लेक तिचीच, नातही तिचीच. आणि ती नसेल, तर एक हिसका देणारं कोण? एवढं मात्र कळत होतं की रविवारच्या आत ते भोक बुजलं पाहिजे. आणि बुजवायचं म्हणजे तिच्या तोंडावर सिमेंट थापायचं. हात धजावत नव्हता.

६

त्या संध्याकाळी त्याला हॉस्पिटल आठवलं. आठवलं म्हणजे काय, विसरला कधी होता.

तिच्या घशात नळी होती, बोलता येत नव्हतं. तो आत गेला की ती त्याचा पंजा एकदा दाबायची. मिळालं. शेवटच्या रात्री तो बाकड्यावर बसून तिचा हात धरून होता. पहाटे नर्स म्हणाली, "काका, घरी जाऊन अंघोळ करून या. त्या झोपल्यात." त्याने आपली बोटं एकेक करून तिच्या मुठीतून काढली. ती जागी होऊ नये म्हणून अगदी हळू, चोरासारखी.

परत आला तेव्हा चादर ताणलेली होती.

"शांतपणे गेल्या," नर्स म्हणाली. "मूठ मात्र घट्ट मिटलेली होती हो. काहीतरी धरल्यासारखी. उघडायला आम्हाला वेळ लागला."

अंगठी तिच्या बोटातच राहिली. त्याने ती कुणाला काढू दिली नाही.

७

शनिवारी तो ठरवून आला होता. स्प्रिंग ओढून घ्यायची, केबल दुसऱ्या बाजूने न्यायची, हे भोक बुजवायचं. सिमेंट कालवून घमेलं शिडीच्या पायथ्याशी ठेवलं. दुपारचं लख्ख ऊन, भिंत हाताला चटका देत होती. वेटोळ्यातली जेमतेम चार हात स्प्रिंग बाहेर उरली होती.

त्याने ती धरली आणि आपल्याकडे ओढली. आली नाही. त्याने जोर केला, तर पलीकडून जोर आला. हातभर आत गेली. श्वास. आणखी हातभर.

आता शेपूट तेवढं उरलं. ते निसटलं की संपलं, मग पुन्हा कशाने सापडणार ती? या विचाराने त्याने नको ते केलं. आजवर ज्याला त्याला त्याने सांगितलं होतं, की तार कधी हाताला गुंडाळू नये, ओढली गेली तर हातासकट जाते. त्याने दोन वेढे तळव्याला मारले आणि मूठ आवळली.

पुढची ओढ आली तशी त्याची मूठ भिंतीवर आपटली. पोलाद कातडीत रुतलं. खांदा भिंतीला लागला, मग गाल. भोक डोळ्यासमोर चार बोटांवर आलं.

आत खोलीचा पिवळा रंग नव्हता. आत अंधार होता, खूप लांबवर गेलेला. आणि त्या अंधारात, अगदी जवळ, स्प्रिंगला चिमटीत धरलेली दोन बोटं होती. एका बोटावर काळ्या टेपचा वेढा.

तेवढंच दिसलं. पापणी लवली.

खोटं कशाला बोला, त्याच्या मनात आलं की जाऊ द्यावं. वेढे सोडू नयेत. एकतीस वर्षं बाहेर उभं राहून झालं, एकदा आत जाऊन बघावं. मूठ आत गेली होती, मनगट भोकाला टेकलं होतं, आणि भोक त्याच्या मनगटाहून लहान असूनही दुखत नव्हतं.

"बाबा!" खोलीतून लेकीचा आवाज आला. ती कधी आली ते त्याला कळलंच नव्हतं. "मी आलेय हो. आत उभी आहे. तुम्ही सांगाल तेव्हा धरते."

आत उभी आहे. सांगाल तेव्हा.

आणि मग त्याच्या डोक्यात लखकन उजेड पडला. ती त्याला ओढून नेत नव्हती. त्यानेच परवा दोन हिसके दिले होते. ओढ म्हणून सांगितलं होतं, तर ती बिचारी ओढत होती. त्याच्या आधी चौदा महिने ती नुसती धरून उभी होती. हाताला मुंग्या आल्या असतील. बोटं उघडून चोरासारखा निघून गेला होता तो, तीन न देता. आणि तीन मिळाल्याशिवाय ही बाई टोक सोडते होय!

"अगं," तो भोकाशी तोंड नेऊन म्हणाला. रडू आवरत नव्हतं. "माझं चुकलं. सांगून जायला पाहिजे होतं मी. तू झोपलीस असं वाटलं गं मला."

त्याने पाय शिडीत रोवले, सगळं अंग मागे टाकलं आणि हिसका दिला. एक. तळव्यातून रक्त आलं. दोन. इथेच थांबावं असं फार वाटलं. दोनवर थांबलं तर ती राहील.

आतमध्ये ठमी खुदकन हसली.

तीन.

काहीच झालं नाही. ऊन, गल्ली, गच्चीवरचे कपडे. मग पलीकडून एक हिसका आला, हळू, पहिल्या दिवसासारखा. कळलं.

आणि स्प्रिंग सैल पडली.

"आली की हो, बाबा!" लेक ओरडली. "टोक आलं!"

त्याने वेढे सोडवले, हाताला फडकं बांधलं आणि उतरून, वळसा घालून, खोलीत गेला. लेक स्टुलावर उभी होती. तीस फूट स्प्रिंगेतलं जेमतेम वीतभर टोक भोकातून बाहेर आलेलं होतं, आणि ती त्याची टेप सोडवत होती.

"सुधारलात की तुम्ही!" ती हसून म्हणाली. "आई असती तर पेढे वाटले असते."

"का गं?"

"हे काय, टेपचा शेवट दुमडलाय चक्क. एका झटक्यात निघाली." तिने टेप त्याच्या पुढे धरली. शेवटी नखाएवढी घडी होती, नीट, चेपून घातलेली. मग तिचं लक्ष फडक्याकडे गेलं. "अगं बाई, हाताला काय झालं?"

"धार असते कडेला," तो म्हणाला. टेप त्याने खिशात ठेवली.

८

संध्याकाळच्या आत केबल आत आली, दिवा लागला, भोक बुजलं. बाहेरच्या अंगाला उतार देऊन त्याने सिमेंट गुळगुळीत केलं आणि वर थोडा वेळ हात ठेवला. भिंत तापलेली होती, बाकी काही नाही.

रविवारी सामान आलं. पूर्वेच्या खोलीत पाळणा लागला, बरोबर त्या भिंतीपाशी. दिवसभर ठमी आजोबाचं बोट मुठीत धरून होती. तिन्हीसांजेला ती झोपली, तरी मूठ सुटली नव्हती.

"हळूच काढा बोट," लेक कुजबुजली. "उठेल नाहीतर."

"नाही," तो म्हणाला. "असं नसतं जायचं."

तो पाळण्यावर वाकला आणि ठमीची मूठ त्याने बोटाने हलकेच ओढली. एकदा. दोनदा. तीनदा.

झोपेतच ठमीची मूठ एकदा घट्ट झाली. मग तिने बोट सोडलं.